अणुबॉम्बचा अभ्यास, काशीत बसून

दरवर्षी १ जानेवारीला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एक छोटा सरकारी व्यवहार पार पडतो. भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांच्या हवाली करतात. ३१ डिसेंबर १९८८ रोजी झालेल्या करारानुसार या केंद्रांवर हल्ला करायचा नाही, असे दोन्ही देशांनी कबूल केले आहे. हल्ला करायचा नाही तर केंद्रे कुठे आहेत हे ठाऊक हवे, म्हणून ही यादी. १९९२ पासून हा रिवाज चालू आहे. कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबईत २६ नोव्हेंबर झाला, पुलवामा झाले, पण यादी चुकली नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याच्या चार ओळी येतात आणि विषय संपतो.

खरे तर तिथूनच विषय सुरू होतो. शस्त्रनियंत्रण म्हणजे काय याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. शस्त्रे आहेत आणि लगेच जाणार नाहीत हे इथे गृहीत धरलेले असते. ती चुकून, घाईत किंवा गैरसमजातून वापरली जाऊ नयेत, एवढीच सोय करायची असते. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये जगात १२,२४१ अण्वस्त्रे होती, त्यांतली सुमारे १८० भारताकडे आणि १७० पाकिस्तानकडे. या आकड्यांपेक्षा मला ९ मार्च २०२२ ची घटना जास्त बोलकी वाटते. त्या दिवशी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानी पंजाबातल्या मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यात स्फोटके नव्हती, कोणी दगावले नाही, पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. क्षेपणास्त्रांच्या चाचणीची पूर्वसूचना देण्याचा करार दोन्ही देशांनी २००५ मध्ये केला होता, पण तो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. मियाँ चन्नूला पडले ते क्रूझ जातीचे. क्रूझ क्षेपणास्त्रे करारात का घेतली नाहीत? घ्यायची तर पडताळणी कशी करणार? एम.ए.च्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल एवढे काम या दोन प्रश्नांत आहे.

हे काम करणारी तरुण मंडळी आपल्याकडे फार थोडी आहेत. जी आहेत ती बहुतेक दिल्लीत. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या वसतिगृहात राहणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला (त्यात महाराष्ट्रातून गेलेलेही असतात) या क्षेत्रात शिरायचे असेल, तर दार कुठे आहे?

बनारस हे नाव मी मुद्दाम घेतो आहे. या विषयाला विज्ञान आणि राजकारण अशा दोन्ही बाजू लागतात. प्लुटोनियम किती साठले हे मोजणाऱ्याला करारातले कलम वाचता आले पाहिजे आणि करार वाचणाऱ्याला अर्धायुकाल म्हणजे काय ते कळले पाहिजे. बीएचयूच्या एकाच आवारात भौतिकशास्त्र आहे, भूभौतिकी आहे, कायदा आहे, राज्यशास्त्र आहे, आणि सामाजिक विज्ञान संकायात शांतता संशोधनाला वाहिलेले मालवीय सेंटर फॉर पीस रिसर्च आहे, ज्याच्याशी युनेस्कोचे अध्यासन जोडलेले आहे. सायकल मारली की एका विभागातून दुसऱ्या विभागात काही मिनिटांत पोहोचता येते. ती सायकल सहसा कोणी मारत नाही, ही आपल्या विद्यापीठांची जुनी खोड. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी बार्कच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) प्रवेश परीक्षेमागे असतो आणि राज्यशास्त्राचा यूपीएससीमागे. दोघांच्या मधली जागा मोकळी पडते.

या मोकळ्या जागेत एकेकाळी एक माणूस उभा राहिला होता आणि त्याच्या नोकरीची सुरुवात याच बनारसला झाली होती. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद ऐन तारुण्यात संस्कृत शिकायला काशीला येऊन राहिले होते. मुलगा १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतला तो थेट बीएचयूत, गणित आणि जोडीला जर्मन शिकवायला. बावीस वर्षांचा अध्यापक. इथे तो जेमतेम दोन वर्षे टिकला. १९३१ मध्ये आंद्रे वेय या फ्रेंच गणितज्ञाच्या बोलावण्यावरून अलिगढला आणि तिथून पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेला. (पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, बीएचयूच्या गणित विभागात कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर आले. जयंत नारळीकरांचे बालपण आणि बी.एस्सी.पर्यंतचे शिक्षण त्याच आवारात झाले. काशीच्या गणिताला मराठी माणसांची सवय आहे.)

१९४० च्या दशकाच्या मध्यात होमी भाभांनी कोसंबींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणले. म्हणजे भारताचा अणुकार्यक्रम जिथे आकार घेत होता, तिथेच ते बसत होते. आणि तिथे बसून ते जागतिक शांतता चळवळीत काम करत होते, परिषदांना जात होते आणि भारताने अणुऊर्जेपेक्षा सूर्यप्रकाशावर पैसा लावावा असे लिहीत-बोलत होते. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबात त्यांनी भारताच्या अणुऊर्जेवर व्याख्यान दिले. आपल्यासारख्या देशाला सौरऊर्जा अधिक सोयीची, हा त्यांचा मुद्दा तेव्हा विक्षिप्तपणाचा वाटला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. भाभांशी मतभेद हे एकच कारण होते असे म्हणणे सोपे होईल, पण कोसंबींचा स्वभाव आणि गणित सोडून इतिहासात रमणे हेही त्यात होतेच. तरी एवढे खरे की स्वतःच्या संस्थेच्या मूळ कार्यक्रमावर प्रश्न विचारण्याची किंमत त्यांना चुकवावी लागली.

त्याच काळात दौलतसिंह कोठारी वेगळ्या वाटेने गेले. नेहरूंच्या सांगण्यावरून त्यांनी अणुस्फोट आणि त्यांच्या परिणामांवर पुस्तक तयार केले. ते १९५६ मध्ये निघाले. जगभरच्या प्रकाशित माहितीवरून एका भौतिकशास्त्रज्ञाने सामान्य वाचकासाठी केलेला हा हिशेब होता. कोठारी सरकारात राहून लिहीत होते, कोसंबी सरकारी पैशावरच्या संस्थेत राहून विरोधात. आजच्या तरुण संशोधकालाही या दोन वाटांत कुठे उभे राहायचे हे लवकर ठरवावे लागते, कारण पुढची प्रत्येक शिष्यवृत्ती, प्रत्येक शिफारसपत्र त्यावर अवलंबून असते.

कोठारींच्या वेळी प्रकाशित माहिती म्हणजे मूठभर अहवाल. आज ती इतकी आहे की वाराणसी आणि वॉशिंग्टन यांत पूर्वीइतका फरक उरलेला नाही. एक उदाहरण जरा जवळून पाहू.

११ मे १९९८ रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास पोखरणला तीन स्फोट एकाच वेळी झाले. सरकारी शास्त्रज्ञांनी एकूण शक्ती साठ किलोटनांच्या आसपास सांगितली, त्यात एक हायड्रोजन बॉम्ब. हादरा जगभरच्या भूकंपमापकांवर उमटला. भूकंप आणि स्फोट यांतला फरक नोंदीवर दिसतो. जमिनीखालचा स्फोट सगळीकडे बाहेरच ढकलतो, म्हणून प्रत्येक केंद्रावर पहिला धक्का वरच्या दिशेने येतो. भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात, म्हणून काही केंद्रांवर पहिला धक्का वर आणि काहींवर खाली. शिवाय स्फोटाच्या पृष्ठलहरी तेवढ्याच तीव्रतेच्या भूकंपापेक्षा खूपच क्षीण असतात. तेव्हा स्फोट झाला यावर वाद नव्हता. वाद होता तो किती मोठा यावर.

परदेशी नोंदींवरून हादऱ्याची तीव्रता ५.२ धरली जाते. तीव्रतेवरून किलोटन काढायचे एक सूत्र आहे : तीव्रता म्हणजे ४.४५ अधिक ०.७५ गुणिले किलोटनांचा लॉग. हे सूत्र कझाकस्तानातल्या जुन्या सोव्हिएत चाचणीस्थळासाठी बसवलेले. त्यात ५.२ घातले तर उत्तर येते १० किलोटन. पण ४.४५ हा आकडा तिथल्या कठीण खडकाचा आहे. राजस्थानातला खडक लहरी जास्त शोषत असेल आणि तो आकडा ४.१५ धरला, तर त्याच ५.२ मधून २५ किलोटन निघतात. फक्त ०.३ इकडे-तिकडे आणि बॉम्ब अडीचपट. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक मुद्दा मांडला : स्फोट एकमेकांपासून काही अंतरावर आणि एकाच क्षणी झाल्यामुळे लहरींनी काही दिशांना एकमेकींना मारले, त्यामुळे बाहेरच्यांना हादरा लहान दिसला. बाहेरच्या अनेकांना हे पटले नाही. २००९ मध्ये के. संथानम या चाचणीत स्वतः सहभागी असलेल्या शास्त्रज्ञाने हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेइतका चालला नाही असे जाहीरपणे सांगितले. आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ते खोडून काढले. प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही.

दोन दिवसांनी, १३ मे रोजी, एक किलोटनाहून लहान असे दोन स्फोट केल्याचे सरकारने सांगितले. इस्लामाबादजवळच्या निलोर इथल्या केंद्राला, साडेसातशे किलोमीटरच्या आत असूनही, त्यांचा मागमूस लागला नाही. लहान चाचणी लपू शकते का, आणि लपत असेल तर सर्वंकष चाचणीबंदी करार पडताळता येईल का, या वादाला त्यामुळे नवे इंधन मिळाले.

या नोंदींपैकी बऱ्याचशा आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. अमेरिकेत भूकंपविज्ञानाची खुली साठवण आहे, पायथनमध्ये ऑब्सपाय नावाचे मोफत साधन आहे. बीएचयूच्या भूभौतिकीतल्या एम.एस्सी.च्या मुलाला एका उन्हाळ्यात हे शिकता येईल. राजस्थानच्या खडकाविषयी तर परदेशातल्या कुणापेक्षा त्याच्या विभागाला जास्त ठाऊक असायला हवे. आपल्या देशाने केलेल्या स्फोटावरचे बरेचसे स्वतंत्र, प्रकाशित विश्लेषण परदेशी विद्यापीठांतून आले, ही गोष्ट मला खटकते.

उपग्रहांचेही तेच. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात, दहा मीटरचा तुकडा ओळखू येतो आणि छायाचित्रे मोफत मिळतात. एखाद्या केंद्रात नवी इमारत उभी राहतेय का, खणकाम किती पुढे गेले, हे त्यातून कळते. इतिहासाकडे कल असणाऱ्यांसाठी दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे, मुंबईत टाटा संस्थेचे स्वतःचे अभिलेखागार आहे. तिथे हात घातला तर भलतेच काही सापडते. पग्वॉश परिषदेचेच घ्या. रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यानंतर शास्त्रज्ञांची पहिली बैठक नेहरूंच्या निमंत्रणावरून जानेवारी १९५७ मध्ये दिल्लीत भरायची होती. सुएझच्या संकटामुळे ती बारगळली आणि जुलैत कॅनडातल्या पग्वॉश या मासेमारीच्या गावी भरली. बावीस शास्त्रज्ञ आले, त्यांत एकही भारतीय नव्हता. बैठक ठरल्याप्रमाणे झाली असती तर १९९५ चे शांततेचे नोबेल मिळवणारी ही चळवळ कदाचित ‘दिल्ली परिषद’ म्हणून ओळखली गेली असती. निमंत्रण आपले आणि हजेरी शून्य असे का झाले, यावर मराठीत काही वाचल्याचे मला आठवत नाही.

आता पोटापाण्याचे. देशातला सरळ रस्ता यूजीसीच्या नेट परीक्षेतून जातो. ‘डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज’ हा त्यात स्वतंत्र विषय आहे, आणि कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. पुणे विद्यापीठात या विषयाचा विभाग १९६३ पासून आहे. डॉ. श्रीकांत परांजपे यांच्यासारख्यांनी तिथून अण्वस्त्रप्रसारावर दीर्घकाळ लिहिले. दिल्लीत १९६५ साली स्थापन झालेली संरक्षण अध्ययन संस्था आहे. २०२० पासून ती मनोहर पर्रीकरांच्या नावाने ओळखली जाते. संरक्षणमंत्री असताना पर्रीकरांनी २०१६ मध्ये ‘प्रथम वापर नाही’ या धोरणात स्वतःला का बांधून घ्यावे, असे वैयक्तिक मत म्हणून बोलून दाखवले होते आणि गदारोळ झाला होता. हे धोरण तपासायला बसणारा अभ्यासक आता त्यांच्याच नावाच्या संस्थेत बसतो. बंगळुरूला राजा रामण्णा ज्याचे पहिले संचालक होते ते राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थान आहे. तिथे अभियंते आणि राज्यशास्त्राचे लोक शेजारीशेजारी काम करतात. माझ्या मते विज्ञानाच्या विद्यार्थ्याने दिल्लीआधी तिकडे विचारावे.

देशाबाहेर पाहायचे तर मुलींसाठी सर्वांत ठोस संधी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती. २०२० मध्ये सुरू झाली. अणुविषयक एम.एस्सी. किंवा एम.ए. करणाऱ्या मुलींना वर्षाला २० हजार युरोपर्यंत, दोन वर्षे. त्यात अणुसुरक्षा, अण्वस्त्रप्रसारबंदी आणि अणुकायदा हेही विषय बसतात, हे फारसे कुणाला माहीत नसते. बीएचयूच्या महिला महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ही जाहिरात कायम लागलेली असायला हरकत नाही. अमेरिकेत प्रिन्स्टनचा विज्ञान आणि जागतिक सुरक्षेचा गट भौतिकशास्त्र-अभियांत्रिकीच्या तरुणांसाठी वर्ग घेतो. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड इथे पीएच.डी.च्या आधी-नंतरच्या फेलोशिप आहेत. इटलीत १९६६ पासून इसोडार्को नावाची शाळा भरते. डोंगरातल्या आन्दालो गावी जानेवारीत आठवडाभर व्याख्याने, आणि जेवणाच्या टेबलावर समोर पाकिस्तानी, इराणी, रशियन विद्यार्थी. वॉशिंग्टनच्या स्टिमसन सेंटरने दक्षिण आशियाच्या अण्वस्त्रांवर मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला आहे. कुठेही अर्ज करण्याआधी तो पुरा करून टाकावा. संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्रीकरण फेलोशिप १९७९ पासून चालू आहे, पण तिच्यासाठी नाव सरकार सुचवते. ती तरुण मुत्सद्द्यांची आहे, बाहेरच्याने त्यात वेळ घालवू नये.

अडचणीही मोकळेपणाने सांगायला हव्यात. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, चाचणीबंदी करारावरही नाही. म्हणून चाचणीबंदीच्या ३३७ ठिकाणांच्या जागतिक जाळ्यात भारताचे केंद्र नाही. गौरीबिदनूरला १९६० च्या दशकापासून चांगली भूकंपमापक साखळी असूनही आपला विद्यार्थी त्या यंत्रणेच्या बाहेर राहतो. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने घालून दिलेली गोपनीयतेची चौकट अशी की आकडे मागायला गेलेल्याला सहसा नकारच मिळतो. माहितीच्या अधिकारातही सुरक्षेची सबब असते. सरकारी नोकरीत असणाऱ्याला लिहिण्यापूर्वी परवानगी लागते. आणि ही सगळी मजल मारल्यावर देशात कायमस्वरूपी जागा मोजक्याच. अमेरिकेत पैसाही दात्या संस्थांच्या मर्जीवर चालतो. तिथली मोठी मॅकआर्थर संस्था काही वर्षांपूर्वी अणुविषयातून बाहेर पडली आणि अनेक केंद्रांची तारांबळ उडाली. घरच्यांना ‘नेमके काय करतोस?’ याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही, हा त्रास वेगळाच.

म्हणून सुरुवात लहान आणि ओळखीच्या जागेपासून करावी. काशीच्या विद्यार्थ्याला नरोरा त्यातल्या त्यात जवळ आहे. गंगेच्याच काठी, वरच्या अंगाला, बुलंदशहर जिल्ह्यात. ३१ मार्च १९९३ रोजी तिथल्या टर्बाइनला आग लागली होती. आज दोन्ही अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आहेत. मराठी विद्यार्थ्याला तारापूर जवळ आहे. २००६ च्या विभाजन आराखड्यात भारताने २२ अणुभट्ट्यांपैकी १४ नागरी म्हणून तपासणीसाठी खुल्या करायचे ठरवले आणि आठ बाहेर ठेवल्या. तारापूरला एकाच आवारात १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्या तपासणीच्या आत आहेत आणि ३ आणि ४ बाहेर. आठ किलो प्लुटोनियम म्हणजे एका बॉम्बपुरते, असे आंतरराष्ट्रीय संस्था मानते, आणि वापरलेले इंधन, त्यातले प्लुटोनियम, पुनर्प्रक्रिया प्रकल्प हे सगळे त्याच पालघर जिल्ह्यात आहे. एका फाटकाच्या आत दोन वेगळे नियम रोज कसे पाळले जातात, इंधन इकडचे तिकडे जात नाही हे कोण आणि कसे पाहते, याबद्दल संसदेतली उत्तरे, संस्थेचे वार्षिक अहवाल आणि १९७१ पासूनचे करार एवढे सगळे उघड्यावर उपलब्ध आहे. ते एकत्र लावून पंधरा पानांचा निबंध लिहिला, तर परदेशी फेलोशिपच्या अर्जाला जो लेखनाचा नमुना जोडावा लागतो, तो तयार होतो.